सहावा पाटा: फियाट, कसारा घाट आणि 'ओरिजिनल' म्हणजे काय

हा या एपिसोडचा लिखित मजकूर. ऐकताना आकडे निसटतात अशी तक्रार बऱ्याच जणांनी केली, म्हणून यावेळी आकडे जरा नीट मांडलेत. बाकी बोललोय तसंच ठेवलंय.

२९ ऑक्टोबर २००३ ला मुंबईत ताडदेव आरटीओमध्ये शेवटच्या काळ्या-पिवळ्या प्रीमियर पद्मिनी टॅक्सीची नोंद झाली. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा आहे. त्यामुळे २०२३ च्या ऑक्टोबरअखेर ती गाडी टॅक्सी म्हणून रस्त्यावरून कायमची उतरली. तेव्हा सगळ्यांच्या स्टेटसला पद्मिनीचे फोटो होते, तुम्हाला आठवत असेल. तिचा गोलसर चेहरा, आतली रंगीबेरंगी छतं, मीटर, स्टेअरिंगजवळचा गिअर. या सगळ्यावर भरपूर लिहून झालंय.

मला बोलायचंय ते गाडीच्या खाली काय होतं त्यावर. म्हणजे स्प्रिंग, पाटे, शॉकअप, बुश. ज्या भागावर गाडी वळणात कशी वागेल, खड्ड्यात कशी आपटेल, घाटात मागची चाकं धरून राहतील की सटकतील हे ठरतं. तिथला इतिहास कुणी लिहून ठेवलेला नाही. थोडाफार शिल्लक आहे तो लोखंडात आहे. आणि आमच्या घरी सध्या त्यावरून भांडण चालू आहे, ते पण सांगतो.

आधी पटकन पार्श्वभूमी. प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी १९४४ ची, वालचंद हिराचंद यांची. सोलापूरचा माणूस. जहाजं काढली, विमानाचा कारखाना काढला, मग मोटारी. नाशिककरांसाठी एक जोडधागा: बंगळुरूला १९४० मध्ये त्यांनी सुरू केलेली हिंदुस्तान एअरक्राफ्ट पुढे एचएएल झाली, आणि आपल्या ओझरला एकेकाळी मिग बनवणारा कारखाना त्याच एचएएलचा. शिवाय मालेगाव तालुक्यातलं रावळगावही त्यांचंच. म्हणजे लहानपणी तुम्ही ज्या गोळ्या चघळल्या आणि ज्या टॅक्सीत बसलात, त्या दोन्हींच्या मुळाशी एकच माणूस. असो.

कुर्ल्याच्या कारखान्यात आधी अमेरिकन गाड्या जोडल्या जायच्या, डॉज, प्लिमथ वगैरे. मग इटलीच्या फियाटशी करार झाला. १९५३ च्या आसपास सरकारने धोरण ठरवलं की नुसते सुटे भाग आणून जोडणाऱ्यांना इथे जागा नाही, गाडी इथेच बनवण्याचा कार्यक्रम दाखवा. फोर्ड आणि जनरल मोटर्सनी गाशा गुंडाळला. प्रीमियर राहिली. त्याच सुमारास इटलीत फियाटची नवी ११०० आली होती, ती १९५४ पासून कुर्ल्यात जोडली जाऊ लागली. १९६४ मध्ये तिचं पुढचं रूप आलं, फियाट ११०० डिलाइट. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला फियाटचं नाव गेलं, गाडी आधी प्रीमियर प्रेसिडेंट झाली, मग पद्मिनी. मूळ सांगाडा तोच. लोकांनी तर शेवटपर्यंत तिला फियाटच म्हटलं.

आता मजेचा भाग. ही गाडी डिझाइन केली दांते जाकोसा या इंजिनिअरच्या हाताखाली. छोटी पण शहाणी गाडी करण्यात या माणसाचा हात धरणारा त्या काळात क्वचितच कुणी असेल. ११०० ला वेगळी चेसिस नाही, बॉडी हाच सांगाडा. इंजिन १०८९ सीसी, ताकद चाळीस हॉर्सपॉवरच्या आसपास, वजन साधारण ९०० किलो. पुढे दोन्ही चाकं एकमेकांपासून स्वतंत्र. प्रत्येक चाकाला वर एक आणि खाली एक अशा दोन आडव्या भुजा, मध्ये कॉइल स्प्रिंग. यालाच डबल विशबोन म्हणतात. आज रेसिंगच्या गाड्यांत हा शब्द ऐकला की आपण भुवया उंचावतो. कुर्ल्याची टॅक्सी तेच घेऊन फिरत होती! वर पुढे अँटी-रोल बार, म्हणजे वळणात गाडी कलू नये म्हणून दोन्ही बाजू जोडणारी पिळाची सळई.

मागे मात्र जुनाच मामला. आडवा सरळ अॅक्सल आणि त्याला दोन्हीकडे पाटे. पाटा म्हणजे लीफ स्प्रिंग. एकावर एक ठेवलेल्या पोलादी पट्ट्या, सगळ्यात लांब वर, मग खाली लहान होत जाणाऱ्या, मधोमध सेंटर बोल्ट, आणि अॅक्सलला यू-बोल्टने आवळलेलं. बैलगाडीच्या पुढची आणि ट्रकच्या जवळची गोष्ट. इतकी साधी की कुठल्याही नाक्यावर दुरुस्त होते. याच साधेपणामुळे पुढचं सगळं घडलं.

एक बारीकसा फरक इथे सांगून ठेवतो, कारण बहुतेक लोक याची गल्लत करतात. स्प्रिंगचं काम धक्का सोसणं आणि वजन तोलणं. शॉकअपचं काम ते हलणं थांबवणं. नुसती स्प्रिंग असती तर एका गतिरोधकानंतर गाडी चौकापर्यंत उड्या मारत गेली असती. स्प्रिंग ऊर्जा साठवते, शॉकअप ती तेलात जिरवतो. त्यामुळे स्प्रिंग कडक केली आणि शॉकअप तसाच ठेवला तर काम अर्धंच होतं. हे डोक्यात ठेवा, पुढे लागणार आहे.

जाकोसाच्या गाडीचा हिशोब कुणासाठी होता? इटलीतल्या एका कुटुंबासाठी. आईवडील, दोन पोरं, सुट्टीला जायची बॅग. रस्ते डांबरी. ती गाडी मुंबईत आली आणि टॅक्सी झाली. दिवसाला दोन शिफ्ट, छतावर लोखंडी कॅरिअर, कॅरिअरवर गादी, ट्रंका, कधी कपाट. आणि काही गाड्या मुंबईबाहेरही जायच्या.

इथे आमचे मामा येतात. मामा दादर-नाशिक शेअर टॅक्सी चालवायचे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ट्रेन चुकली, एसटीला गर्दी असली की दादरला जायचं, सीट भरली की गाडी सुटायची. साधारण १७० किलोमीटर, शहापूरपर्यंत सपाट, मग कसारा, मग घाट चढून इगतपुरी. इगतपुरी समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास. म्हणजे दादरपासून चढायचं त्यातला मोठा वाटा घाटात.

पाच माणसं, डिकीत सामान, कॅरिअरवर सामान. साधा हिशोब करा. ९०० किलोच्या गाडीवर चारशे-साडेचारशे किलो, आणि त्यातला मोठा वाटा मागच्या अॅक्सलवर. गाडी मागून बसते. पाटे सरळ होतात, कधी उलटे वाकतात. खड्डा आला की अॅक्सल वर येऊन रबरी बंपस्टॉपवर धाडकन आपटतो. रोज असं झालं की एक दिवस पाटा तुटतो. 'पाटा तुटल्याने बस कलंडली' अशी बातमी आपण सगळ्यांनी वाचलेली आहे.

यावर तोडगा काय? कंपनीला पत्र लिहिणार? मामा मुंबई नाक्याजवळच्या एका पाटेवाल्याकडे गेले आणि म्हणाले, एक पाटा वाढव. संपलं.

मी मामांना विचारलं, "मामा, किती जाडीचा टाकायचा, किती लांबीचा, हे कोण ठरवायचं?"

मामा म्हणाले, "तोच ठरवायचा. गाडी रिकामी उभी करायची, मागून बघायची. मग दोन पोरांना डिकीवर बसवायचा आणि परत बघायचा. झालं त्याचं कॅलक्युलेशन."

मला हे ऐकून हसू आलं, आणि लगेच लक्षात आलं की हे अगदी बरोबर आहे. माहीत असलेलं वजन ठेव, किती खाली बसते ते बघ, त्यावरून कडकपणा काढ. मी बीटेकच्या दुसऱ्या वर्षाला लॅबमध्ये हेच केलं होतं, फक्त डिकीवर पोरं बसवली नव्हती.

आता त्या एका जादा पाट्याने काय काय होतं, हे जरा सावकाश बघू. एपिसोडचं खरं पोट इथे आहे.

पहिली गोष्ट सरळ आहे. सारख्या रुंदी-जाडीचे पाच पाटे असतील आणि सहावा घातला, तर कडकपणा ढोबळमानाने एक पंचमांश वाढतो. पण जाडीशी खेळलात तर गणित भडकतं, कारण पट्टीचा कडकपणा जाडीच्या घनावर वाढतो. दुप्पट जाड पट्टी आठपट कडक. म्हणून शहाणा पाटेवाला जाड पाटा टाकत नाही, पातळ पाटा वाढवतो. त्याला घन वगैरे शब्द माहीत नसेल, पण जाड टाकला की गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी कंबर धरून परत येतं हे पक्कं माहीत असतं.

दुसरी गोष्ट वळणातली. गाडी वळते तेव्हा वजन आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर सरकतं. हे किती पुढच्या जोडीवर सरकेल आणि किती मागच्या, ते पुढचं आणि मागचं सस्पेन्शन एकमेकांच्या तुलनेत किती कडक आहे यावर ठरतं. मागे कडक केलं की मागच्या बाहेरच्या चाकावर जास्त भार येतो, आतलं हलकं होतं. आणि टायरचा स्वभाव असा की भार दुप्पट केला म्हणून पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच वाढते. म्हणजे दोन चाकांची मिळून एकूण पकड कमी होते. म्हणजे मागचा भाग आधी सटकणार.

गाडी भरलेली असेल तेव्हा हे फारसं जाणवत नाही. मागे वजन आहे, पाटे त्या वजनासाठीच बांधलेत, गाडी बसून चालते. त्रास कधी? रिकामी गाडी, पावसाळा, घाट उतार. उतारावर ब्रेक लावला की वजन आणखी पुढे पळतं, मागची चाकं आधीच हलकी, पाटे कडक म्हणून ती रस्त्याला चिकटून राहण्याऐवजी टणाटण उडतात. त्यात चारही ब्रेक ड्रमचे, घाटात तापून ढिले पडणारे. मामा सांगतात, रिकामी गाडी खाली नेताना कसाऱ्याच्या वळणांवर ते पाय ब्रेकवर नाही, गिअरवर ठेवायचे. म्हणजे दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनच्या जोरावर उतरायचं. वर शप्पथ घालून म्हणतात, "रिकामी चालवायला बसलंय कोण? भाडं भरल्याशिवाय स्टँड सोडायचोच नाही."

आणि तिसरी गोष्ट, जी मला सगळ्यात सुंदर वाटते, ती पुढच्या चाकांची आहे. सायकलचा पुढचा चिमटा आठवा. तो सरळ उभा नसतो, मागे कललेला असतो. त्यामुळे हात सोडले तरी सायकल सरळ जाते. गाडीतही तसंच, त्याला कॅस्टर म्हणतात. वळण संपल्यावर स्टेअरिंग आपोआप सरळ येतं ते मुख्यतः त्यामुळे. आता मागे पाटा वाढवून गाडीचं बूड दोन इंच वर उचललं तर अख्खी बॉडी पुढे झुकते. म्हणजे तो मागे कललेला कोन कमी झाला. पुढच्या चाकाला कुणी हातही लावलेला नाही, तरी स्टेअरिंग हलकं आणि जरा बावळट झालं, हायवेवर सतत सांभाळत राहावं लागणारं. गाडी भरली की बूड खाली येतं, कोन परत येतो, स्टेअरिंग शहाणं होतं.

म्हणजे मामांच्या टॅक्सीसाठी त्या पाटेवाल्याने एक अशी गाडी बनवली होती जी फक्त पाच सीट भरल्यावर बरोबर वागते. ही बिघडलेली फियाट नव्हती. हिशोबच वेगळा होता. जाकोसाने तुरीनमध्ये एका कुटुंबाचा विचार केला, नाशिकच्या पाटेवाल्याने दादरच्या भाड्याचा.

शॉकअपचं काय? मघाशी म्हटलं तसं, स्प्रिंग कडक झाली की शॉकअपही कडक हवा. तो बदलण्याचे पैसे कुणाकडे नव्हते. इथेही एक युक्ती होती. पाटे एकमेकांवर घासतात, आणि त्या घासण्यात ऊर्जा जिरते. म्हणजे पाट्यांचा गठ्ठा हा स्वतःच थोडासा शॉकअप असतो. ग्रीस भरपूर लावलं तर गाडी मऊ चालते पण डुलते. ग्रीस न लावता कोरडे ठेवले तर कुईकुई वाजतात, गंजतात, पण डुलणं कमी. मामांच्या गाडीचे पाटे कोरडे असायचे. प्रवाशांना ती कुईकुई म्हणजे म्हातारी गाडी वाटायची.

याच गाडीचा दुसरा, अगदी उलटा संसार चेन्नईजवळ चालू होता. शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबच्या शर्यती व्हायच्या, आणि त्यात फियाटसुद्धा पळायच्या. शर्यतवाल्याला गाडी खाली हवी असते. जुन्या गाड्यांवरचे ठरलेले उपाय म्हणजे पुढची कॉइल कापायची, मागे अॅक्सल आणि पाट्याच्या मध्ये ठोकळा घालून बॉडी खाली आणायची. एकच गाडी, एकाने वर उचलली, एकाने खाली दाबली. शोरूममधून निघालेली फियाट जशीच्या तशी किती जणांनी चालवली असेल, मला तर शंकाच आहे.

पुढे २००१ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर मुंबईच्या जुन्या टॅक्सींना सीएनजीसारख्या स्वच्छ इंधनावर जावं लागलं. हवेसाठी चांगलंच झालं. पण डिकीत पोलादी सिलिंडर आला, कायमचा, पन्नास-साठ किलोच्या घरातला, तोही मागच्या अॅक्सलच्याही मागे. म्हणजे रिकामी टॅक्सीसुद्धा आता रिकामी राहिली नाही. ज्यांनी तोवर पाटा वाढवला नव्हता त्यांनाही वाढवावासा वाटावा अशी परिस्थिती. शेवटच्या वीस वर्षांत आपण जी पद्मिनी पाहिली, ती बूड वर करून उभी असलेली नाहीतर बूड टेकून चाललेली, तिच्या उभं राहण्यातच हा सगळा इतिहास होता.

आता आमचं भांडण.

मामांनी टॅक्सी सोडली आणि काही वर्षांनी एक खासगी फियाट घेतली. १९७३ ची, सेकंडहँड, पांढरी. हौस म्हणून. घेतल्या घेतल्या पहिलं काम काय केलं असेल? पाटेवाल्याकडे नेली आणि सहावा पाटा टाकला. भाडं नाही, कॅरिअर नाही, घरात माणसं चार. पण हाताला सवय.

ती गाडी आता पन्नाशी पार झाली. २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांचे नियम आणले. पन्नास वर्षांहून जुनी दुचाकी किंवा चारचाकी, मूळ स्वरूपात ठेवलेली असेल तर तिची व्हिंटेज म्हणून नोंद करता येते, नंबरमध्ये 'व्हीए' ही अक्षरं येतात, नोंद दहा वर्षं चालते. रोजच्या वापराला किंवा धंद्याला ती गाडी काढायची नाही, प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती अशा कामांपुरती. मी मामांना म्हटलं, करून टाकू. आणि करायचंच आहे तर सस्पेन्शन पण ओरिजिनल करू. सहावा पाटा काढू.

मामा शांतपणे म्हणाले, "तो पाटा तुझ्याएवढा आहे."

म्हणजे माझ्याच वयाचा. माझ्या जन्माच्या आसपास टाकलेला.

मी नियम पुन्हा वाचला. त्यात मूळ स्वरूपाची अट आहे, आणि मोठे फेरफार नकोत म्हणताना चेसिस, बॉडी आणि इंजिन यांची नावं आहेत. पाट्याचा उल्लेख नाही. म्हणजे कायद्याला या भांडणात रस नाही. आपणच ठरवायचं की ओरिजिनल कशाला म्हणायचं. सॉफ्टवेअरवाल्यांना हे ओळखीचं वाटेल: जुन्या कोडमध्ये एक विचित्र ओळ असते, कॉमेंट नाही, लिहिणारा नोकरी सोडून गेलेला. काढली की काय कोसळेल माहीत नाही. इथे निदान लिहिणारा समोर खुर्चीत बसून चहा पीत होता.

म्हणून आधी मोजायचं ठरवलं. अंगणात पारदर्शक पाण्याच्या नळीने चार चाकांखालची पातळी सारखी केली. टायरमध्ये हवा एकसारखी. मडगार्डच्या कडेपासून चाकाच्या मध्यापर्यंत चारही बाजूंची उंची घेतली. मग गव्हाची पन्नास-पन्नास किलोची दोन पोती डिकीत. सहा पाट्यांवर मागचा भाग २२ मिलिमीटर बसला. पोती काढली, प्रत्येक बाजूचा तो एक पाटा काढला, पुन्हा पोती ठेवली: २७ मिलिमीटर. मघाशी म्हटलेला एक पंचमांश, बरोबर तिथेच. मामांच्या पाटेवाल्याला मनातल्या मनात नमस्कार केला.

पण पाच पाट्यांवर रिकामी गाडीच थकलेली दिसत होती. पन्नास वर्षांत पोलाद दमतं, कमान उतरते. नुसता सहावा काढून मूळ गाडी परत येत नाही, कारण बाकीचे पाच आता मूळचे राहिलेले नाहीत. मग पाचही पाटे सोडवून पाटेवाल्याकडे. मामांचा पाटेवाला आता नाही, त्याच रस्त्यावरच्या दुसऱ्याकडे. कमान चढवण्याचं काम बघण्यासारखं असतं. जमिनीवर खडूने हवा तो बाक काढतात, पाटा ऐरणीवर ठेवून हातोड्याने टोले देत जातात, थोडं ठोकायचं, खडूच्या रेषेवर ठेवून बघायचं, परत ठोकायचं. दोन्ही बाजूंचे गठ्ठे एकसारखे यायला हवेत, नाहीतर गाडी एका अंगावर उभी राहते.

परत जोडताना एक गोष्ट, घरी कुणी हे करणार असाल तर: पाट्याच्या टोकांना रबरी बुश असतात. गाडी जॅकवर असताना त्यांचे बोल्ट पूर्ण आवळू नका. पाटे तेव्हा लोंबत असतात. गाडी खाली टेकली की रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि काही महिन्यांत फाटतं. आधी गाडी चाकांवर उभी करा, ड्रायव्हरच्या वजनाचं काहीतरी सीटवर ठेवा, दोनदा दाबून हलवा, मग आवळा. आम्ही सीटवर मामांनाच बसवलं. वजनात थोडं उजवं-डावं झालं असेल, मी तक्रार करणार नाही.

मग पुढचं. किंगपिनला झोल होता, तो काढला. किंगपिन म्हणजे ज्या खिळीवर पुढचं चाक वळतं ती. तिथे ग्रीस न मारल्यामुळे मेलेल्या फियाट मोजायच्या तर दिवस पुरणार नाही. झोल काढल्याशिवाय अलाइनमेंट करणं म्हणजे हलत्या टेबलावर वजनकाटा ठेवणं. टो-इन दोरीने केलं: गाडीच्या दोन्ही बाजूंना समांतर दोऱ्या ताणायच्या आणि रिमच्या पुढच्या-मागच्या कडेचं दोरीपासूनचं अंतर मोजायचं. चाकं पुढून किंचित आत वळलेली हवीत. जुन्या पुस्तकातला आकडा त्या काळच्या आडव्या-तिरप्या धाग्यांच्या टायरसाठी आहे. आमच्या गाडीला आता रेडियल टायर आहेत, त्यांना तेवढं आत लागत नाही, म्हणून पुस्तकापेक्षा कमी ठेवलं. झालंच तर, इथेही ओरिजिनल सुटलं. रेडियल काढून जुन्या पद्धतीचे टायर टाका असं मला कुणी सुचवलं तर मी ऐकणार नाही.

पाच पाट्यांवर गाडी त्र्यंबक रोडला नेली. बूड खाली आलं, स्टेअरिंग वळणानंतर स्वतः सरळ येऊ लागलं, गतिरोधकावर मागून येणारी ती लाथ गेली. दोघंच होतो तेव्हा गाडी गोड चालत होती. मी खूश. मामा खिडकीतून बाहेर बघत होते. परतताना मावशी, आई आणि आजी अशा तिघी मागे बसल्या, डिकीत भाजी आणि दोन पिशव्या तांदूळ. एका खड्ड्यात अॅक्सल बंपस्टॉपला टेकला. मामा काही बोलले नाहीत. फक्त माझ्याकडे बघितलं.

सध्याची स्थिती अशी. नोंदणीचे कागद तयार होतायत. गाडी पाच पाट्यांवर आहे, शॉकअप नवे आहेत, पाट्यांमध्ये ग्रीस अगदी हलकं. काढलेले दोन पाटे मी साफ करून तेलाचा हात देऊन कागदात गुंडाळले आणि त्यावर तारखा लिहिल्या: कधी टाकला, कधी काढला, रिकाम्या गाडीची उंची किती, पोत्यांवर किती बसली. मामांना तो कागद वाचून दाखवला. ते म्हणाले, "दादर-नाशिकसाठी टाकला होता, ते पण लिही." मी म्हटलं, मामा, या गाडीने दादर-नाशिक एकदाही केलेलं नाही, ती टॅक्सी वेगळी होती. "पाटा त्यासाठीच असतो," म्हणाले. लिहिलं.

५ जून २०२५ पासून समृद्धीचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झालाय, जवळपास आठ किलोमीटरचा बोगदा आहे. घाट कधी आला कळतही नाही. आम्ही मात्र पावसाळा सरला की जुन्या रस्त्याने कसाऱ्यापर्यंत जाऊन यायचं ठरवलंय. आधी पाच पाट्यांवर, दोघंच. मग सहा पाट्यांवर, पाच माणसं बसवून. पाटे बदलायला मला आता दीड तास लागतो. पाच माणसं गोळा करायला किती लागेल ते बघू, नाशिकमधलं कुणी येणार असेल तर मेसेज करा. डिकीत सामान आम्ही भरू.